उत्तरायणानंतर नेट गेलं? आधी संगणकाला त्याचा पत्ता विचारा

एका काकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात बाबाजीपुऱ्यात जुनं दुमजली घर. राउटर वरच्या खोलीत, संगणक खाली दिवाणखान्यात, आणि दोघांना जोडणारी केबल अगाशीवरून (गच्चीवरून) बाहेरच्या भिंतीने खाली उतरलेली. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायणाला आणि वासी उत्तरायणाला, घरभर पाहुणे, अगाशीवर पतंग. १६ तारखेला सकाळी बँकेचं काम करायला बसले तर संगणकावर नेट नाही. घरातले मोबाइल मात्र चालतात. नेट कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आमच्याकडून सगळं ओके आहे, राउटर बदलून बघा." शेजारचा मुलगा म्हणाला, विंडोज उडवून नव्याने टाकावं लागेल. काका विचारतात, खर्च कशावर करू?

काका, सध्या कशावरच करू नका. हा दोष बहुतेक पाचपन्नास रुपयांत सुटेल, आणि नाही सुटला तरी तो कुठे आहे हे तुम्हाला घरबसल्या दहा मिनिटांत कळेल. कंपनीचा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याच्या पडद्यावर तुमच्या घरातला फायबरचा डबा जिवंत दिसतो, एवढंच त्याला कळतं. डब्याच्या पुढे तुमच्या घरात काय चाललंय हे त्याला तिथून सहसा दिसत नाही. शेजारच्या मुलाला एकच औषध माहीत आहे आणि तो ते सगळ्यांना देतो. माझ्याकडे वर्षाकाठी असे कितीतरी संगणक येतात ज्यांचं विंडोज कुणीतरी नव्याने टाकलेलं असतं, फोटो गेलेले असतात, टॅलीतला हिशेबाचा डेटा गेलेला असतो आणि नेट तरीही बंद असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सगळ्यात आधी "मोबाइल चालतात" ही साक्ष तपासून घ्या. मोबाइल या बाबतीत लबाड असतो. वायफायमध्ये नेट नसलं की तो गुपचूप सिमच्या डेटावर सरकतो आणि व्हॉट्सॲप चालू राहतं. त्यामुळे आधी मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय ठेवा, आणि पूर्वी कधी न उघडलेलं एखादं पान उघडा. उघडलं, तर रस्त्यावरच्या खांबापासून तुमच्या राउटरपर्यंत सगळं ठीक आहे आणि कंपनीला पुन्हा फोन करण्यात अर्थ नाही. नाही उघडलं, तर संगणकाला हातही लावू नका. मग गोष्ट वेगळी आहे, ती खाली सांगतो.

तुमच्या वर्णनावरून मोबाइल वायफायवरच चालत असावेत असं धरतो. म्हणजे दोष राउटर आणि संगणक यांच्यामध्ये. आता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चित्रावर माउस नेऊन नेमके शब्द वाचा. "नेट नाही" असं सगळेच सांगतात, पण विंडोज तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतं. "नेटवर्क केबल अनप्लग्ड" आणि लाल फुली असेल, तर तारेतून विजेचा साधा स्पर्शसुद्धा पोचत नाहीये. "अनआयडेंटिफाइड नेटवर्क" असेल, तर तार जोडली गेली आहे, पण पलीकडून कुणी ओळख दिलेली नाही. नुसतं "नो इंटरनेट" असेल, तर बऱ्याचदा घरातलं सगळं जागेवर असतं आणि अडचण पुढे असते. हे शेवटचं वाक्य विंडोज कसं ठरवतं हेही गमतीचं आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून दोन-चार शब्दांची एक चिमुकली फाइल मागवून बघतं. ती आली तर नेट आहे, नाही आली तर नाही. एखाद्या अँटिव्हायरसने ती फाइल अडवली, तर नेट धडधडीत चालू असताना "नो इंटरनेट" दिसत राहतं. म्हणून त्या पाटीवर विसंबू नका, ब्राउझर उघडून बघा.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही घरी गेलो की खुर्चीत बसल्यावर मी पहिलं काम हेच करतो. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत सलग टाइप करा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. एंटर. बरंच काही वाहत येईल, घाबरू नका. इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या जोडणीच्या, मथळ्याखाली दोनच ओळी बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे. पहिला तुमच्या संगणकाचा पत्ता, दुसरा राउटरचा. मी आकडे इथे मराठीत लिहितोय, तुम्हाला ते इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायचे.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला घरात घेतलं आहे. हे आकडे घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्याकडेही तेच आणि मांजलपूरच्या तुमच्या व्याह्यांकडेही बहुधा तेच. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर निदान झालंच म्हणायचं. संगणक सुरू झाल्यावर तारेवर हाक मारतो, "कुणी आहे का, मला पत्ता द्या." राउटर ऐकतो आणि एक रिकामा पत्ता देतो. हाक मारमारून कुणीच ओ दिली नाही, की संगणक स्वतःच स्वतःला १६९.२५४ चा एक पत्ता लावून घेतो. लग्नाच्या मांडवात कुणी विचारलं नाही म्हणून पाहुण्याने स्वतःच पान मांडून बसावं, तसं. पान आहे, वाढणारा कोणी नाही. हा आकडा दिसला की ब्राउझर, अँटिव्हायरस, बँकेची वेबसाइट या सगळ्यांना बाजूला ठेवा. हाक राउटरपर्यंत जात नाही किंवा उत्तर परत येत नाही, म्हणजे तार, तारेची टोकं, राउटरचं भोक किंवा संगणकाचं भोक. बहुतेक वेळा तारच.

आणि तुमची तार तर अगाशीवरून जाते! दोन दिवस तिच्यावर किती पाय पडले असतील, कुणी फिरकी टेकवली असेल, कुणी अडकलेला पतंग सोडवायला तीच ओढली असेल. मांजा केबल कापतो असं लोक म्हणतात. मी पाहिलेल्या तुटक्या केबलींत मांज्याने कापलेल्या थोड्या आणि माणसांनी ओढलेल्या जास्त. दर वर्षी वासी उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन सकाळी सातपासून वाजतो, त्यामुळे हे जरा अधिकाराने सांगतो.

आधी टोकं बघा. टोकाला जे पारदर्शक प्लास्टिकचं बोंडूक असतं, त्याच्या पाठीवर एक जिभली असते. भोकात घातल्यावर ती टक् वाजली पाहिजे. ती जिभली तुटली की बोंडूक भोकात राहतं, पण केसभर मागे सरकतं, आणि केसभर पुरे. डोळ्यांना तार लागलेली दिसते, संगणकाला ती नसते. एकांकडे आगपेटीची काडी खुपसून ते घट्ट केलेलं होतं आणि महिनाभर चाललंही. बोंडूक दोन्ही बाजूंना काढून पुन्हा बसवा, टक् ऐका, मग भोकाशेजारचा दिवा लुकलुकतो का बघा. दिवा लागला तर काळ्या खिडकीत पुन्हा पत्ता बघा.

दिवा लागत नसेल, किंवा लागूनही पत्ता १६९ चाच असेल, तर तारेची परीक्षा घ्यायची, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र नको. संगणकाचा डबा उचलून वरच्या खोलीत न्या, राउटरबरोबर आलेली छोटी तार असते ती थेट जोडा. पुतण्याला बोलवा, एकट्याने जिना चढू नका. छोट्या तारेवर नेट आलं तर लांब तार गेली. नाही आलं तर राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. चारांपैकी एक भोक जळणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे, बाकीची तीन चालत असतात.

तारेच्या आत काय असतं हे एकदा बघून ठेवा, म्हणजे विकणारा तुम्हाला फसवणार नाही. आठ वायरी, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटचा वेग फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर चालतो, गिगाबिटला (म्हणजे १००० मेगाबिटला) आठही लागतात. त्यामुळे निळ्यातली एक वायर तुटली तर काही संगणक मुकाट्याने १०० वर उतरतात आणि मालकाला कळतही नाही, काही मात्र गिगाबिटच्या हट्टापायी जोडले-तुटले करत बसतात. आता वायर ब्लेडने खरवडून बघा. आतून लालसर दिसली तर तांबं. वरून लालसर आणि खरवडल्यावर पांढरी निघाली, तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात स्वस्त म्हणून मिळते ती हीच. दोन वेळा वाकली की आतल्या आत मोडते. बाहेरून तार धडधाकट, आत मोडलेली. त्यातून तुमची राखाडी तार घरातल्या वापरासाठीची आहे. ती बडोद्याच्या उन्हात चार-पाच वर्षांत तडकते आणि तड्यांतून पाणी शिरतं. बाहेरून न्यायची तार काळ्या जाड सालीची, खास उन्हापावसासाठीची घ्यावी लागते. लांबीची चिंता नको, १०० मीटरपर्यंत ती काम करते, आणि तुमचा वाडा काही राजवाडा नाही.

छोट्या तारेवरही आणि कुठल्याही भोकात पत्ता १६९ चाच येत असेल, तर संशय संगणकाच्या भोकावर. तिथे एक टोटका करतो, हसू नका: संगणक बंद करून मागची विजेची वायर उपटा आणि चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. संगणक बंद असला तरी नेटवर्कच्या चिपला थोडी वीज मिळत राहते, आणि ती चिप अडकून बसलेली असली तर नुसतं रीस्टार्ट करून मोकळी होत नाही. पूर्ण वीज तोडली की होते. माझ्या हातून असे कितीतरी "मेलेले" पोर्ट उठले आहेत. नाहीच उठलं तर यूएसबीला लावायचं नेटवर्क ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतं. मदरबोर्ड, म्हणजे संगणकाची मुख्य पाटी, बदला म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

शेजारच्या मुलाची शंका फेडायचीही एक सोपी युक्ती आहे. मोबाइल चार्जिंगच्या वायरीने संगणकाला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. संगणकाला मोबाइल हे एक नवीन नेटवर्क वाटतं. आता ब्राउझर उघडून बँकेचं पान आलं, तर विंडोज, ब्राउझर, अँटिव्हायरस सगळे निर्दोष सुटले. पाच मिनिटं लागतात, एक वायर लागते. ही परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही विंडोज उडवू देऊ नका.

आता पत्ता १९२.१६८ चा आला आणि तरीही नेट नसेल तर काय? मग काळ्या खिडकीत पिंग असं इंग्रजीत लिहा, जागा सोडा आणि गेटवेच्या ओळीतला पत्ता टाका. "रिप्लाय फ्रॉम" च्या चार ओळी आल्या तर राउटर बोलतोय. मग तसंच ८.८.८.८ ला हाक मारून बघा, हा गूगलचा जाहीर सर्व्हर आहे. तिथूनही उत्तर आलं आणि तरी वेबसाइट उघडत नसेल, तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारी फोनडिरेक्टरी बिघडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करा, काम होतं.

याच गटातला एक चोर म्हणजे कुणीतरी पूर्वी हाताने बसवून ठेवलेला पत्ता. समजा, जुन्या राउटरच्या घराचा क्रमांक १९२.१६८.१ होता, नव्याचा १९२.१६८.२९. संगणक जुन्याच गल्लीचा पत्ता धरून बसलेला. मोबाइल आपोआप पत्ता घेतात म्हणून ते चालतात, संगणक एकटा रुसलेला. सेटिंगमध्ये "ऑटोमॅटिक" केलं की संपलं.

आणि तारीख बघा. खरंच, घड्याळाखालची तारीख बघा. दांडिया बाजारात एका आजोबांकडे गेलो होतो. दोन महिने मुलीकडे राहून आले होते, आल्यावर एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट". नातवाने सांगितलं व्हायरस आहे. आजोबांनी कनेक्शन बंद करायचा अर्ज लिहून ठेवला होता, सुंदर मोडी वळणाच्या अक्षरात. मी कोपऱ्यात पाहिलं तर संगणकात सात-आठ वर्षांपूर्वीची तारीख. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे ओळखपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. संगणकाला वाटतंय आपण भूतकाळात आहोत, म्हणून तो सगळी ओळखपत्रं खोटी ठरवत होता. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, तो संपला आणि वीज तुटली की घड्याळ मागे जातं. सेलचं नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. घड्याळवाल्याकडे मिळतो. आजोबांनी अर्ज फाडला नाही, मागची कोरी बाजू वापरायला ठेवला.

आता मघाशी सोडलेला धागा: मोबाइलही वायफायवर चालत नसेल तर. मग फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, केबल कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. घरात बघण्यासारखं एकच: डब्यात शिरणारी ती बारीक तार नीट बसली आहे ना आणि तिला कुठे घडी पडली नाही ना. ती काचेची आहे, वाकवली की प्रकाश बाहेर सांडतो. कपाट भिंतीला सरकवताना ती चेपणं हे नेहमीचं कारण. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे. टोकाला बोटही लावू नका, बोटाचं तेल पुरेसं असतं बिघडवायला. लाल दिवा असेल तर तक्रार नोंदवा आणि "एलओएस लाल आहे" हे शब्द वापरा, म्हणजे ते तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावणार नाहीत. अगाशीच्या कडेने विजेच्या तारांत अडकलेली केबल दिसली तरी काठीने सोडवायला जाऊ नका. हे नेटपेक्षा महत्त्वाचं आहे.

सगळे दिवे हिरवे आणि नेट मधूनमधून जात असेल, तर मी राउटरआधी त्याचा चार्जर बदलून बघतो. १२ व्होल्टचा लिहिलेला चार्जर म्हातारा झाला की दिवे लावण्यापुरती वीज देतो, पण चार माणसं वायफायवर आली की दम टाकतो.

राहिली एक सूचना, आणि ती सगळ्यात कळकळीची. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, रीसेट लिहिलेलं. त्यात टाचणी घालू नका. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं, ते खुशाल करा. रीसेट म्हणजे राउटरची सगळी स्मृती पुसणं. ज्यांच्या जोडणीला यूजरनेम-पासवर्ड लागतो त्यांचा तोही पुसला जातो, आणि मग चालणारे मोबाइलही बंद पडतात. फोनवर "रीसेट करा" म्हणणाऱ्याला पुष्कळदा रीस्टार्टच म्हणायचं असतं. त्याला विचारून घ्या. आणि यूजरनेम-पासवर्ड कंपनीकडून मागून राउटरच्या पोटाला चिकटपट्टीने लावून ठेवा, वहीत लिहिलेलं वेळेवर सापडत नाही.

तर काका, आज एवढंच करा: मोबाइलचा डेटा बंद करून वायफाय तपासा, दोन्ही टोकं काढून टक् करून बसवा आणि काळ्या खिडकीतला पत्ता मला कळवा. १६९ ने सुरू होत असेल तर मी नवी केबल आणि बोंडकं दाबायची पक्कड घेऊन येतो, आणि ती या वेळी अगाशीवरून नाही, जिन्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली उतरवू. जुनी तार तपासायला तोवर तुम्ही शिडी लावू नका.